गळाभेटीचं शेवटचं पान

आमच्या 'धुरा' मासिकाची संपादक बबिता कोणाच्या लिखाणाले कधी वाईट म्हणे नाही. कविता परत पाठवताना पोस्टकार्डावर एवढंच लिहे, "कविता वाचली. त्यातली तुमची म्हैस चांगली आहे. चंद्र काढा, म्हैस ठेवा अन् पुन्हा पाठवा." दिग्रसच्या अर्ध्या मास्तर लोकायचा तिच्यावर राग होता तो या पोस्टकार्डायपायी. एक मास्तर तं छापखान्यात येऊन माह्याशी भांडला. म्हणे, विमलताई, तुमच्या या बाईले काव्य समजत नाही. म्या म्हटलं, मास्तर, तिले म्हैस समजते, अन् आपले वाचणारे म्हशीवालेच आहेत. बसा, चहा घ्या.

मी विमल. दिग्रसच्या बसस्टँडमागं आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जिनिंगची बिलबुकं, शाळेची निकालपत्रकं, आलं ते आम्ही छापतो. त्याच्या जोडीले माह्या मालकानं, म्हणजे नानाजीनं, हे मासिक काढलं होतं. नानाजीचं म्हणणं सोपं होतं. कापसाच्या किडीवर उपाय, एक गोष्ट अन् एक भांडण, एवढं असलं की गावातला माणूस महिनाभर वाचत राह्यते. भांडण म्हणजे त्यायचं स्वतःचं संपादकीय. ते भलतंच लांब राहे.

बबिता आमच्याकडे आली तेव्हा नवी नवरी होती, पण अंगावर नवरीपणा काही दिसत नव्हता. पुसद रोडवरच्या मोहतांड्याची ही बंजाऱ्याची पोरगी. त्यायचे वाडवडील बैलायच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. बाप देवसिंगच्या वाट्याले मात्र कापसाचं वावर आलतं. बापासोबत कापसाच्या गाडीवर बसून ती जिनिंगमंधी येई, अन् तिथं कपिल फिटर होता. कपिल कुणब्याचा. घरी सांगतलं असतं तं काय झालं असतं हे दोघायलेही माहीत होतं, म्हणून सांगतलंच नाही. एका बाजाराच्या दिवशी दोघं यवतमाळच्या बसमंधी बसले अन् नोंदणी लग्न करून आले. देवसिंगनं तांड्यात सांगून टाकलं, तिचं नाव माह्या दारात घ्याचं नाही. कपिलच्या घरचेही काही आरती घेऊन उभे नव्हते, पण वर्षभरात ते नरमले. तांडा नरमला नाही.

नानाजीनं तिले आधी तपासणीचं काम देल्लं. पहिल्याच दिवशी तिनं चुका दुरुस्त केल्या अन् त्यासोबत नानाजीच्या संपादकीयातला अर्धा मजकूर लाल पेनानं काढून ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, आता ही पोट्टी संध्याकाळच्या आत घरी. नानाजीनं कागद वाचला, पुन्हा वाचला अन् हसायले लागले. मले म्हणे, हिनं काढलं ते काढाचंच होतं, मले वीस वर्षं कोणी सांगतलं नाही. आता सांगा, मी रोज सांगत होती ते यायच्या कानातच गेलं नव्हतं.

मंग त्यायनं तिले एक पान देल्लं. म्हणे, तुले वाटते ते लिही. तिनं त्या पानाले नाव ठेवलं 'गळाभेट'. पहिल्यांदा लिहिलं ते शेजारच्या सुखीबाईवर. सुखीबाई भांडकुदळ, पण बबिता लहानपणी तापानं फणफणली तेव्हा याच बाईनं तिले पाठीवर घेऊन दवाखाना गाठलता. दुसऱ्या महिन्यात एका मैत्रिणीवर. मंग तांड्याच्या विहिरीवर, तांड्याचा मुखिया नाईक, त्याच्या बाजेवर, मोहाच्या झाडावर. दर महिन्याले तांड्यातलं एक माणूस नाही तं एक वस्तू घ्याची, तिच्याशी 'तू' म्हणून बोलाचं, अन् शेवटी तिचे उपकार मानून थांबाचं, अशी तिची रीत. लोकायले ते पान आवडलं. पांढरकवड्याकडून, मुकुटबनकडून पत्रं येत. नानाजी गेल्यावर लोक म्हणत, आता 'धुरा' बंद पडते. मी बबिताले म्हटलं, त्यायच्या खुर्चीवर बस. ती म्हणे, ताई, खुर्चीवर तुम्ही बसा, मी आपली स्टुलावर बरी. संपादक झाली तरी ती स्टुलावरच बसे.

कंडक्टर पुसदच्या बसमंधून अंकाचे गठ्ठे नेई अन् फाट्याफाट्यावर टाकत जाई. त्यातला एक अंक मोहतांड्यात जाये, जया बादल राठोड या नावानं. जया म्हणजे बबिताची वहिनी, बारावी शिकलेली. तिनं आपणहून वर्गणी भरली होती. बाकीचे सगळे पत्ते पोट्टे चिकटवत, पण हा एक पत्ता बबिता स्वतः लिहे. तो अंक तिच्या आईले कोणी वाचून दाखवते का नाही, हे काही तिले माहीत नव्हतं. आई रामीबाई, शाळेत गेली नव्हती. वहिनीले विचारावं तं कोणत्या तोंडानं विचारावं, म्हणे.

एका होळीले मी तिच्यासोबत मोहफाट्यावर गेलती. तिचा तो दर वर्षीचा नेम होता, हे मले कपिलनं सांगतलं. होळीले तांड्यात बायामाणसं गोल धरून लेंगी म्हणतात, डफ वाजवतात. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून तांडा म्हणजे एक वावर ओलांडलं की आला. डफ साफ ऐकू येत होता. बबितानं नवी साडी नेसली होती अन् पिशवीत आईसाठी आरसेकामाचं कापड घेतलं होतं. टपरीजवळ उभी राहून ती लेंगी ऐकत होती अन् ओठातल्या ओठात म्हणत होती. मी म्हटलं, "अवं, आता इथपर्यंत आली तं जा ना. खाते का तुले कोणी?"

"अशी कशी जाऊ, ताई," ती म्हणे. "लग्न झालेल्या पोरीले भाऊ आणाले येते. बादल आणाले आला की जाईन. त्याले माहीत आहे, मी होळीले इथं राह्यते."

बादल आला नाही. ऊन डोक्यावर आलं तसे आम्ही परतीच्या बसमंधी बसलो. ते कापड तिनं मांडीवर ठेवलं होतं. मले त्या बादलचा असा राग आलता की काही विचारू नका.

या पानामागं काय आहे ते मले समजलं बिजलीबाईपायी. ही बाई पांढरकवड्याकडच्या एका तांड्यातली, नातीच्या लग्नाची पत्रिका छापाले आलती. पत्रिका निघेपर्यंत बसून होती, म्हणून मी तिले सहज 'गळाभेट' वाचून दाखवली. त्या महिन्यात बबितानं काकीवर लिहिलं होतं. अर्ध्यावर पाहते तं बाई पदरात तोंड घालून हलून राह्यली अन् गळ्यातल्या गळ्यात सूर धरून राह्यली. मी घाबरली. ती म्हणे, "बाई, हा तं ढावलो आहे. ही पोरगी ढावलो म्हणून राह्यली."

त्या दिवशी म्या बबिताले समोर बसवलं. "काहून वं, इतके वर्षं माह्या छापखान्यात बसून लिहून राह्यली, अन् मलेच सांगतलं नाही?"

तिनं पेन खाली ठेवला. "काय सांगू, ताई. आमच्यात लग्नाआधी पोरीले ढावलो शिकवतात. निघताना एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणाचा. ज्याच्या गळ्यात पडलं, त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते म्हणाचं. शेजारीण, मैत्रिणी, काकी, भाऊ, बा. सगळ्यात शेवटी याडी, आई. याडीच्या गळ्यातले हात सुटले की पोरगी गेली. मंग भाऊ उचलून गाडीत बसवते."

"अन् तू?"

"मले याडीनंच शिकवलता. तांड्यात सगळ्यात चांगला आवाज माहा होता. सगळा शिकली, अन् एक ओळ कोणाच्या गळ्यात म्हटली नाही. पळून आलेली पोरगी मी. न रडता गेली, म्हणजे इले जाचंच होतं, असंच समजले सगळे. मले तांडा कुठं सोडाचा होता, ताई? मले फक्त कपिलकडे याचं होतं."

एवढं बोलून ती पुन्हा तपासणीले लागली. कपिल भला माणूस. तो मले एकदा म्हणे, काकू, मी इले माह्याकडून होईन ते सगळं देल्लं, पण माहेर कोठून आणून देऊ?

पुढं एके दिवशी पुसद बसच्या कंडक्टरनं गठ्ठे उचलता उचलता सांगतलं की देवसिंग गेला, माती होऊन चार-पाच दिवस झाले. बबिता स्टुलावरून उठली नाही. त्या महिन्याची 'गळाभेट' तिनं बापावर लिहिली. मले ती पाठ आहे. "बा, दिवस मावळताना तू रोज बैलायच्या मानेवरून हात फिरवे. जू कुठं घासलं का पाहे, अन् घासलं असलं तं हळद-तेल लावे. माह्या गळ्यात किती अडकलं होतं. एकदा हात फिरवला असता तं तुले सापडलं असतं." मी ते पान मशीनवर चढवताना रडली, अन् मशीनवाला शाम म्हणे, ताई, शाई पुसून जाईन.

आता एकटी आई उरली. बबिता आईवर लिहीना. भाऊ अन् वहिनी आधीच लिहून झाले होते, मंग बकरीवर लिहिलं, उंबरठ्यावर, आईच्या जात्यावर, आईच्या कशिद्याच्या सुईवर. आईच्या आजूबाजूचं सगळं लिहून झालं, मधात आई तशीच. वाचणारे विचारत, बाई, आईवर काहून लिहीत नाही? ती कार्डावर लिहे, लिहीन. मले माहीत होतं ती कशाले भिऊन राह्यली. आईची गळाभेट लिहिली की ढावलो पुरा झाला. ढावलो पुरा झाला म्हणजे ती गेली. मंग फाट्यावर तरी कायले उभं राह्याचं?

पण 'धुरा' आता चालत नव्हता. वाचणारे म्हातारे झाले, पोट्टे मोबाइलमंधी डोकं घालून. मी अन् बबितानं बसून ठरवलं की दिवाळी अंक काढाचा अन् थांबाचं. ठरवताना दोघीही एकमेकीकडे पाहत नव्हतो. मी म्हटलं, "बाई, शेवटचा अंक आहे. आता आईले पान दे. नाही तं ते तसंच राहून जाईन, अन् तू म्हातारपणी माह्या डोक्याले खाशीन."

तिनं ऐकलं. दिवाळीआधीच्या अंकात खाली चौकट टाकली, "पुढच्या अंकात, शेवटची गळाभेट : याडी." अन् लिहायले बसली. एरवी एका बैठकीत पान लिहिणारी बाई, या एका पानापायी तिनं पूर्ण महिना घालवला. झालं तेव्हा मले वाचाले देल्लं. मी वाचलं अन् तसंच तिच्या हातात परत ठेवलं.

दिवाळी अंकाची पानं लावाचा दिवस. बबिता कॉम्प्युटरवर ते शेवटचं पान बसवत होती, मी बाजूले चष्मा पुसत होती. तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राह्यली. घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, आरशायची काचळी चोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया बांगड्या. तिच्या मागं एक तरुण बाई. म्हातारी कोण हे मले कोणी सांगावं लागलं नाही. नाक बबिताचंच.

बबिता उठली ती स्टूल पाडूनच उठली. "याडी," म्हणून दोन्ही हात पसरून धावली. अन् म्हातारीनं तळहात तिच्या छातीले लावून तिले जागच्या जागी थांबवलं. आपल्या गोरबोलीत काहीतरी कडक बोलली. सोबतच्या बाईनं, म्हणजे जयानं, मले हळूच सांगतलं, "म्हणतात, तिथंच थांब. माह्या गळ्यात पडू नको."

माहं डोकंच फिरलं. म्या म्हटलं, "बाई, इतक्या वर्षानं आल्या, अन् आल्या आल्या पोरीले ढकलता? इनं तुमच्यासाठी..."

"ताई, आधी ऐकून तं घ्या," जया म्हणे. मंग म्हातारी बोलत गेली अन् जया सांगत गेली.

"जया मले दर महिन्याले वाचून दाखवे. आपल्या बोलीत. सुखीचं झालं, काकीचं झालं, तुह्या बा चं झालं. मी मनात म्हणे, देवा, माही बारी येऊ नको देऊ. मागच्या बारीले जयानं वाचलं, आता याडी. तेव्हापासून घास गिळत नाही मले. तू न रडता गेली ना? जी याडीच्या गळ्यात रडली नाही, ती गेलीच नाही. तुहा बा म्हणे, ती गेली. तांडा म्हणे, गेली. मी सगळ्यायले म्हणे, कधी गेली? कोणी ढावलो ऐकला तिचा? माही पोरगी घरची आहे. एवढं मी त्या तांड्यात धरून बसली, अन् तू आता कागदावर म्हणून सगळं मोडून टाकते?"

बबिताचे हात अजून तसेच अधांतरी होते. "मंग बलावलं काहून नाही मले? मी दर होळीले फाट्यावर उभी राह्यली. बादलची वाट पाह्यली, याडी. आणाले आला नाही तो."

"म्याच अडवलं त्याले," म्हातारी म्हणे. "तो दर होळीले विचारे, जाऊ का आणाले? गेलेल्या पोरीले आणतात. घरच्या पोरीले कोणी आणाले जाते का? तो आणाले गेला असता तं तू पाहुणी झाली असती. मी म्हणे, तिचं घर आहे, येईन ती. दर होळीले तुहं ताट वाढून ठेवलं म्या. तुहा बा दिवसभर बडबडे, पण ते ताट उचल, असं तोही कधी म्हणाला नाही."

खरं सांगते, मले त्या दोघीले धरून एकेक थापड द्यावीशी वाटली. मधात फक्त एक वावर. एक आणाले येईन म्हणून इकडून वाट पाहते, एक आपली आपण येईन म्हणून तिकडून वाट पाहते, अन् दोघीही आपल्या आपल्या जागी बरोबर. त्यात देवसिंग गेला, ताट वाढून ठेवलेलं पाहत पाहत गेला. मी आत जाऊन पाणी आणलं, तेवढ्यात डोळेही धुऊन घेतले.

बाहेर आली तं म्हातारी नानाजीच्या खुर्चीवर बसली होती अन् बबिता खाली, तिच्या फेटियाचा काठ मुठीत धरून. बबिता मले म्हणे, "ताई, ते पान काढा." ज्या बाईनं नानाजीपासून मास्तरापर्यंत सगळ्यायचं लिखाण कापलं, तिनं स्वतःचं एक पान कधी काढलं नव्हतं. मीच काढलं. त्या जागी तुरीवरच्या अळीचा उपाय टाकला. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तुरीची अळी, म्हणून लोकायनं मले लय बोल लावले. मी म्हटलं, तूर तं वाचली ना तुमची?

त्या दिवशी बबिता पिशवीबिशवी न घेता दोघीसोबत बसमंधी बसली. होळी नव्हती, भाऊ आणाले आलता असंही नव्हतं. कपिलले फोन मीच केला. तो म्हणे, काकू, तिले म्हणा दोन दिवस राह्यलं तरी चालते.

आता मासिक नाही, पण छापखान्यात ती येते, पत्रिका तपासते. बाजाराच्या दिवशी मात्र दुपारच्या बसनं तांड्यात. तांड्यातले काही लोक अजूनही तिले पाहून तोंड फिरवतात. रामीबाई त्यायच्या देखतच तिले पाणी भराले लावतात, अंगण झाडाले लावतात, भाकर उलटी पडली तं शिव्या देतात. बबिता त्या शिव्या मले येऊन सांगते, अन् सांगताना असं हसते की मी तिले इतक्या वर्षांत तशी हसताना पाह्यली नव्हती.

यंदा पावसाळ्यापासून रामीबाई बाजेवरून फारशा उठत नाहीत. मी एकदा सोबत गेली तेव्हा बबिता त्यायच्या केसायले तेल लावत होती. परतताना फाट्यावर, त्याच टपरीजवळ, मी तिले विचारलं, "आतातरी एकदा गळ्यात पडली का नाही आईच्या?"

"नाही, ताई. ती पडू देत नाही," ती म्हणे. "सगळा पाठ आहे मले. तिच्याजवळ बसली की गळ्याशी येते, हात आपोआप तिच्या मानेकडे जातात. मंग मी ते तसेच तिच्या केसायले लावते. कधी तेल आधीच लावून झालेलं राह्यते, ताई. तरी मी लावते."